बिनपाण्याची बाग

ही गोष्ट कोणत्या काळची, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, इतकी ती जुनी आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. तिथल्या राजानं आपल्या आईला, ती जाण्याआधी, एक शब्द दिला होता. "आई, तुझ्या बागेत फूल नाही, असा एकही चैत्र जाऊ देणार नाही."

पुढे लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या. दूरच्या डोहातून बैलांच्या पाठीवर कातडी पखालींतून पाणी येऊ लागलं. रोज तीस पखाली येत. त्यांतल्या वीस बागेला जात आणि दहा गावाला. गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बागेच्या कुंपणाशी उभ्या राहत आणि आत चाललेलं शिंपण बघत.

बागेचा माळी होता धुळोजी. शिंपताना त्याला मान वर करवत नसे. आणि एवढं पाणी घालूनही मोगरा करपतच होता.

वाफ्यांना सावली करायला फांद्या हव्यात म्हणून एक दिवस तो डोंगरावर गेला. तिथे नुसता कातळ. पण कातळाच्या भेगांत ठेंगणी झाडं उभी होती. बुंधे मडक्यासारखे फुगलेले आणि शेंड्यांना गुलाबी फुलं. शेजारी ठकूबाई नावाची म्हातारी शेळ्या राखत होती.

"मावशी, यांना पाणी कोण घालतं?"

"कोण घालणार बाबा? पावसाचं चार थेंब मिळालं तर पोटात साठवत्यात. न्यायची तर ने. पण आठ दिवस सावलीत मुळं वाळू दे, मग मुरुमात लाव. थंडीत पानं गळतील, तेव्हा थेंबसुद्धा घालू नको. माणसानं माया केली की ही झाडं कुजत्यात."

धुळोजीनं खेपा करून चाळीस झाडं आणली. करपलेला मोगरा आणि काळी माती उपसून वाफ्यांत मुरुम आणि बारीक खडी भरली आणि म्हातारीनं सांगितलं तशी झाडं लावली. मग त्यानं पखालवाल्यांना सांगितलं, "उद्यापासून बागेच्या वीस पखाली गावात न्या."

थंडी पडली. झाडांची सगळी पानं गळाली. कारभाऱ्यानं राजाच्या कानावर घातलं, "महाराज, माळी बागेचं पाणी परस्पर गावाला देतो, आणि बागेत नुसत्या काटक्या उभ्या आहेत."

राजा स्वतः बागेत आला. "हे खरं आहे?"

"खरं आहे, महाराज."

"माझ्या आईची बाग मारलीस तू!"

"मेली नाही. बुंधा दाबून बघा. मेलेलं झाड मऊ लागतं."

राजानं बुंधा दाबला. तो दगडासारखा घट्ट होता. राजा मागे सरला. मग म्हणाला, "चैत्रापर्यंत थांबतो. फूल आलं नाही, तर तू या राज्यात राहायचं नाहीस."

त्या दिवसापासून धुळोजीला घास गोड लागेना. जन्मभर शिंपणारे हात त्याचे. ते बांधून बसणं त्याला कुठलं जमायला? माघात एका सकाळी त्याचा धीर सुटला. घरच्या पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या त्यानं कडेच्या झाडाला घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला, तिसऱ्या दिवशीही. पंधरवड्यात त्या झाडाचा बुंधा मऊ पडला आणि ते आडवं झालं. त्यानंतर त्यानं तांब्याला हात लावला नाही.

ऊन तापू लागलं. आधी पालवी आली, मग कळ्या आल्या. पाडव्याला राजा आला, तेव्हा सगळे वाफे गुलाबी झाले होते. कडेची एक जागा तेवढी रिकामी होती.

"इथलं झाड कुठे गेलं?" राजानं विचारलं.

धुळोजीला काहीही सांगता आलं असतं. तो म्हणाला, "महाराज, तुमच्या शिक्षेची भीती वाटली. भीतीपोटी त्याला पाणी घातलं आणि ते कुजलं. त्याला पाणी नको होतं, मला धीर हवा होता."

राजा खाली वाकला. एका फुलाला त्यानं हात लावला. मग म्हणाला, "आईला फुलं हवी होती. पाणी मीच घालत बसलो. आणि लोक तहानलेले राहिले."

त्यानं धुळोजीला माळीकामावर कायम ठेवलं. कारभाऱ्याला हुकूम दिला, की यापुढे पाऊस पडो न पडो, डोहाचं पाणी आधी गावाला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरीही तो हुकूम तसाच राहिला.

तात्पर्य : आपल्या मनाच्या समाधानासाठी देणं ही माया नव्हे, समोरच्याला काय हवं ते ओळखून देणं, आणि नको असेल तेव्हा हात आवरणं, ही खरी माया.