छान झाली

“...मग दोन वर्षं मी कॉफी करत होतो, ती कोणासाठी, बाबा?”

यशवंतराव काळमेघ हे विचारायला अमरावतीहून चिखलदऱ्याला आले होते. सोबत पत्नी, कुमुदताई. गावाबाहेर कॉफीच्या झुडपांना लागून रहमतबाबा नावाचा म्हातारा फकीर राहायचा. लोक त्याच्यापाशी मन मोकळं करायला येत.

निवृत्त झाल्यावर यशवंतराव घरी कॉफी करायला शिकले होते. दाणे रोज ताजे दळायचे, पाणी उकळलं की जरासं निवू द्यायचं, मग बारीक धारेने ओतत राहायचं. अशी कॉफी अख्ख्या अमरावतीत कुणी करत नाही, असं ते स्वतःच सांगत. कुमुदताई सकाळी कप संपवून म्हणत, छान झाली.

आणि गेल्या आठवड्यात डॉक्टरांसमोर त्या सहज बोलून गेल्या... दोन वर्षांपूर्वी ताप आला, तेव्हापासून त्यांना ना वास येत होता, ना चव कळत होती.

“रोज खोटं बोलली,” यशवंतराव म्हणाले. त्यांनी पिशवी बाबांपुढे सरकवली. दळणी, गाळणी, दाणे, सगळं त्यात होतं. घरी आता कॉफी होणार नव्हती. हे सामान बाबांनी ठेवून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाबांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

“वापरायचं कसं, ते तर दाखवा.”

यशवंतरावांनी चुलीवर पाणी ठेवलं. राग होता, पण हात सवयीने नीट चालले. खोलीभर वास पसरला. त्यांनी कप बाबांना दिला.

बाबांनी तो तसाच कुमुदताईंच्या हातात ठेवला.

त्या सावकाश प्यायल्या. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, “छान झाली.”

यशवंतरावांनी मान फिरवली.

“काय छान झालं, बेटी?” बाबांनी विचारलं.

कुमुदताईंनी कपाकडे पाहिलं.

“हे नोकरीत होते तेव्हा सकाळी चपला घालता घालता चहा प्यायचे. मी ओट्यापाशी एकटी. निवृत्त झाल्यावर हे कॉफी करायला शिकले आणि कप माझ्या हातात देऊन शेजारी बसायला लागले. माझा कप संपेस्तोवर उठत नाहीत.” त्यांनी कप खाली ठेवला. “चव गेली म्हटलं असतं, तर यांनी करणं सोडलं असतं.”



यशवंतरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. मग त्यांनी कुमुदताईंना हात जोडले. अहो, हे काय, असं म्हणत कुमुदताईंनी ते हात धरून खाली केले.

निघताना यशवंतरावांनी दारात थांबून विचारलं, “बाबा, उद्यापासून कॉफी कशी करू?”

“आजच्यापेक्षा चांगली,” बाबा म्हणाले. “तिला चव कळत नाही ना... मग कप संपल्यावरही थोडं बसा.”