मेव्हण्याच्या नावावर घर

एका गावातल्या पिठाच्या गिरणीत भानुदास शिंपी दळणाचा डबा घेऊन उभा होता. पलीकडे दोघी बोलत होत्या, "रखमाजी दलाल म्हणे तालुक्याला वकिलाकडे गेला. आता त्या भानुदासाचं..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली. पुढचं काही ऐकू आलं नाही, पण भानुदास दळण तिथंच टाकून घराकडे पळाला.

कारणही तसंच होतं. त्याच्या घराला रखमाजीनंच गिऱ्हाईक आणलं होतं, पोपटशेठ. उन्हातान्हात पाच खेपा घालून भाव जुळवला. सौदा झाला तर दोघांनी शेकडा दोन द्यायचे, नाही झाला तर काही नाही, असं बोलणं होतं. मग पोपटशेठ भानुदासाला हळूच म्हणाला, "रखमाजीला सांगा, सौदा मोडला. खरेदी माझ्या मेव्हण्याच्या नावावर करू. दलाली तुमचीही वाचेल, माझीही."

भानुदासाला मोह पडला. सौदा मोडला, असं त्यानं रखमाजीला सांगितलं. गुपचूप खरेदी झाली. आलेल्या पैशांतून त्यानं पेठेत दुकान अन् वरची खोली घेतली.

आता ते अर्धं वाक्य तो मनातच पुरं करू लागला. खरेदी रद्द होणार. दुकान जाणार. आपल्याला बेड्या पडणार. दाराशी सायकल थांबली तरी तो मशीन सोडून पडद्यामागे जाई. एका सदऱ्याला तर त्यानं दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या.

शेवटी बायको सरूबाई म्हणाली, "अहो, आपल्याच दुकानात चोरासारखं किती दिवस बसायचं? ज्याचं त्याला देऊन या."

तो रखमाजीच्या ओट्यावर गेला अन् दलालीच्या पैशांची पुरचुंडी पुढे ठेवली. "रखमाजीभाऊ, मला तुरुंगात घालू नका."

"वकिलाकडे गेलो होतो, ते खरं," रखमाजी म्हणाला. "त्यांनी सांगितलं, गिऱ्हाईक तू आणलंस, त्यातूनच विक्री झाली, तर दलाली तुझी. मग कागदावर मेव्हणा असो की मेव्हणी. उद्या नोटीस धाडणार होतो, तेही खरं. पण तुरुंगाचं कोण बोललं?"

भानुदासानं मान खाली घातली. "कोणी नाही. ते मीच जोडलं."

"बसा. तुमचं मिटलं. आता शेठकडे जातो, त्याच्या मेव्हण्यालाही भेटायचंय."

तात्पर्य: ज्याच्या पायपिटीनं सौदा जुळला, त्याची दलाली बुडवू नये, दुसऱ्याच्या कष्टाचं दाबून ठेवलं की अर्धी अफवाही माणसाला पुरी वाटते.