खिंडीतल्या हाकेला ओ

कुसवड्याच्या वरच्या अंगाला ती खिंड दिसते ना, तिच्यात धुकं उतरलं की गावातल्या बाया हातातलं काम टाकून अंगणाच्या कडेला येतात आणि तिकडं तोंड करून मोठ्यानं ओ देतात. हाक आलेली असो वा नसो. नव्या माणसाला हे वेडगळ वाटतं. पण पूर्वी इथं नेमकं उलटं होतं म्हणे.

फार मागं एक बाळंतीण त्या खिंडीत कड्यावरून पडून मेली आणि धुक्यात ती नाव घेऊन हाका मारते, असा समज होता. तिची हाक दोनदाच येते. तिसरी आली तरच माणूस समजायचं. त्याआधी ओ दिली, तर देणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी जातं, असं सांगत.

द्वारका सिस्टर याच गावची. तालुक्याच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन घरी आली, पण स्वस्थ बसेल तर शपथ! येता-जाता पोटुशा बायांची खालची पापणी ओढून अंगात रक्त आहे का बघायची, म्हाताऱ्यांना तंबाखू थुंकायला लावायची. "हिच्यापुढं आजारी पडायचीबी चोरी," असं तिची शेजारीण हौसा म्हणायची.

हौसाची लेक शेवंता खिंडीपलीकडच्या वस्तीवर दिलेली. दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तशी सिस्टर तडक गेली. गाडी खिंडीच्या अलीकडं, गावातच मिळायची, म्हणून शेवंताला डोलीत घालून आणायचं ठरलं. दुपार टळताना धुकं उतरलं. असं, की अंगणातली तुळस दिसेना.

आणि खिंडीतून हाक आली. "हौसाऽऽ!"

गावभर कड्या लागल्या. जाऊ पारूनं हौसाचं तोंडच दाबलं. "बोलू नगंस! सिस्टर आसंल तर तिसऱ्यांदा हाक मारंल."

दुसरी हाक आली. बारीक, चिरकी. सिस्टरच्या खणखणीत आवाजासारखी नव्हेच.  हौसा तिसरीची वाट बघत राहिली. वळचणीचं पाणी टपटपत होतं. तिसरी आलीच नाही.

"बघ, म्हनलं नव्हतं?" म्हणत पारूनं देवाला हात जोडले.

हौसाला दोन्हीकडून लेकच जाताना दिसत होती. ओ द्यावी तर ती बाळंतीण नेणार, न द्यावी तर कडा. तिनं कडी काढली आणि ओ दिली. काहीच नाही. पुन्हा दिली. आपल्याच तोंडानं लेकीला मारतोय असं वाटत होतं, तरी ती ओ देतच राहिली.

मग धुक्यात कुणीतरी खोकलं.

"आगं बये, मेलं का काय समदं गाव? वरडून वरडून घसा गेला माझा! बोलत ऱ्हा, आवाजाच्या रोखानं येतोय आम्ही!"

वाट सुटून डोली कड्याच्या तोंडाशीच उभी होती, असं भोयांनी मागाहून सांगितलं. शेवंताला हौसाच्या ओसरीवरच मुलगी झाली. सिस्टरचा घसा मात्र कायमचा बसला. त्याच चिरक्या आवाजात ती मरेपर्यंत घरोघर हाका मारत फिरली.

आजही धुक्यात कधी कधी बारीक, चिरकी हाक येते आणि खिंडीतून कुणीच उतरत नाही. सिस्टर की ती बाळंतीण, कुणाला सांगता येत नाही. बायांच्या अंगावर काटा येतो, पोरं पदर घट्ट धरतात. ओ देणारीचा आवाज कापतो. पण तिसऱ्या हाकेची वाट कुणी बघत नाही.