सुरंगीची एकच फेक

खारेवाडीच्या किनाऱ्यावर सुरंगी राहायची. नऊ वर्षांची, बोटभर वेणीची, उन्हाने रापलेली पोर. मी सांगतेय त्या दिवसापर्यंत तिच्या घरात होत्याचं नव्हतं झालं होतं, तेव्हा बाळांनो, आधी मन घट्ट करा आणि मग ऐका.

चार महिन्यांपूर्वी सुरंगीचे बाबा होडी घेऊन दर्यात गेले, ते आलेच नाहीत. होडीही आली नाही. मागाहून आईला बाळ झालं. इवलंसं, गुलाबी तळव्यांचं, नाजूक नाजूक नखांचं. पण आईच्या अंगात त्राण नव्हतं आणि बाळाला पाजायला दूध उतरत नव्हतं. वाडीतली सुईण भागूआत्या हिने शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजून पाहिलं. बाळाने ते ओकून टाकलं. पहिल्या दिवशी बाळ टाहो फोडून रडलं होतं. पाचव्या दिवशी त्याचं रडणं उंबऱ्यापर्यंतही पोचेना.

भागूआत्याने सुरंगीला अंगणात बोलावलं.

"सुरंगे, तुझ्या आईला मुशीचं कालवण मिळालं असतं तर दूध उतरलं असतं गो."

मुशी म्हणजे छोटा शार्क मासा. खारेवाडीत प्रत्येक बाळंतिणीला त्याचं गरमगरम कालवण देत. पण आठ दिवस वादळी वारं थांबलं नव्हतं. वाडीतल्या सगळ्या होड्या वाळूवर उपड्या पडल्या होत्या आणि कुणाच्याच घरात मासळीचं नाव नव्हतं.

"मी खडकावरून गरी टाकते," सुरंगी म्हणाली.

"खडकावरून मुशी लागते होय?" आत्याने डोळ्यांना पदर लावला. "जा, टाकून बघ. आजची संध्याकाळ अशीच गेली तर बाळाचं मला काही सांगता येत नाही."

सुरंगी धावत निघाली. हातात बाबांचा तंगूस होता. तंगूस म्हणजे मासे धरायची काचेसारखी आरपार दिसणारी दोरी. तिच्या टोकाला शिशाचा गोळा आणि गरीचा वाकडा काटा. बाबांनी तिला खडकावर उभं करून शिकवलं होतं, की लाट फुटू द्यायची, ती माघारी वळली की गरी सोडायची, मग परतणारं पाणीच आमिष आत घेऊन जातं. सुरंगीने खडकावरचे खुबे फोडले, त्यांचं मांस काट्याला टोचलं आणि गरी टाकली. ओढली. पुन्हा टाकली. काय लागावं? एकदा शेवाळ. एकदा फाटकी चप्पल. मग खेकडे आमिषच पळवायला लागले. दुपार कलली, तंगुसाने बोटं कापली, खारं पाणी त्यात झोंबायला लागलं. सुरंगी प्रत्येक फेकीला म्हणायची, "आता लागेल." मग मग तिने म्हणायचंही सोडून दिलं.

शेवटी गरी कुठेतरी अडकली. सुरंगी खडकांच्या बेचक्यात उतरली आणि बघतच राहिली. दोन काळ्या खडकांमध्ये निळ्याशार पाण्याची एक चिमुकली बाग होती. हिरवं मखमली शेवाळ, जांभळे झुबके, पाकळ्या मिटणारी नारिंगी समुद्रफुलं, सोनेरी वाळूवर नखाएवढे मासे लुकलुकत होते. आणि त्या बागेत, बाबांच्या तंगुसात गुरफटून, एक वीतभर परी तडफडत होती. तिचे पंख शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे गुलाबी, चंदेरी, पोपटी चमकत होते.

"ओढू नकोस गं," परी कळवळून म्हणाली. "पंख फाटतोय."

सुरंगीने गाठी सोडवून पाहिल्या. सुटेनात. कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दुसरा तंगूस घरात नव्हता आणि आणून देणारे बाबाही नव्हते. तिने एक धारदार शिंपली उचलली, डोळे मिटले आणि तंगूस चार ठिकाणी कापला. परी मोकळी झाली. शिसं आणि काटा खडकाच्या भेगेत गडप झाले.

"संपलं सगळं," सुरंगी म्हणाली, आणि तिथेच बसून हमसून हमसून रडली. रडता रडता तिने आईचं आणि बाळाचं सगळं सांगितलं.

परीने आपले पिटुकले ओले हात तिच्या गुडघ्यावर ठेवले. "मी भरतीची परी. तुला एक मागणं देते. पण नीट ऐक. फेक एकच. दर्यात असेल तेच मागायचं. जे लागेल ते बदलून मिळणार नाही. आणि ते सोडून दिलंस, तर तुझं मागणंही गेलं. मग दुसरं मागणं मला देता येणार नाही."

तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि त्यातून चांदीची झुळझुळीत दोरी ओढून काढली. टोकाला मोत्याची गरी लखलखत होती.

सुरंगी खडकावर उभी राहिली. लाट फुटली, माघारी वळली. "मला मुशी दे," ती म्हणाली. कोळ्याची पोर ती, मासा मागायचा तर बाजारात बघतात तसा जाडजूडच मागणार. म्हणून तिने पुढे जोडलं, "चांगली जाड बघून दे."

दोरी ताणली गेली. सुरंगी ओढत राहिली, घसरली, उठली, आणि अखेर गुडघाभर पाण्यात मुशी आली. राखाडी, तुकतुकीत, सुरंगीच्या हाताएवढी लांब. बाळ जगणार, या एका विचाराने सुरंगीला हसू फुटलं. तिने मुशीच्या पोटाखाली हात घातला.

पोट आतून हललं. एकदा, दोनदा, मग कितीतरी ठिकाणी.

मुशी पोटुशी होती. आणि खारेवाडीत पोटुशी मुशी कुणी धरत नाही. तिच्या कपाळाला पाण्याचं बोट लावायचं आणि म्हणायचं, "जा बाय, माहेरी जा." बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक वाटेत अडवायची नाही, अशी तिथली रीत.

पण इथे बघायला कोण होतं? आई विचारणार नव्हती. आत्याने तर विळीच घेतली असती. सुरंगीने मुशीला छातीशी धरलं. तिला घरातलं बाळ दिसत होतं, त्याचं उघडं कोरडं तोंड दिसत होतं. आणि तळव्याला ही दुसरी बाळं ढुशा देत होती. तिला वाटलं, आपण इथेच मरून जावं, म्हणजे काही ठरवावं लागणार नाही.

मग तिने मुशीच्या तोंडातून गरी अलगद काढली. कपाळाला ओलं बोट लावलं.

"जा बाय," ती पुटपुटली. "माहेरी जा."

मुशी गेली. चांदीची दोरी हातातल्या हातात विरघळून पाणी झाली.

"नियम माहीत होता ना तुला?" परीने हळूच विचारलं.

"हो."

"घरी बाळ आहे तुझ्या."

"म्हणून तर सोडवत नव्हती," सुरंगी म्हणाली. "आणि म्हणूनच धरवली नाही."

परीने सुरंगीच्या कापलेल्या बोटांवर ओठ टेकले. "तुझं मागणं संपलं, सुरंगे. घरी जा."

एवढं बोलून परी उजळत गेली. आधी गुलाबी, मग केशरी, मग नुसता शुभ्र प्रकाश. तो प्रकाश ओल्या वाळूवरून सरसर वाडीच्या दिशेने धावला आणि दिसेनासा झाला. सुरंगीने तो पाहिलाच नाही. ती मान खाली घालून चालत होती.

दाराशी आली तर आत चिडीचूप. रडण्याचा बारीकसाही आवाज नव्हता. सुरंगी उंबऱ्याबाहेरच थांबली. भागूआत्या बाहेर आली, तिचे गाल ओले होते.

"आत ये गो."

"नको," सुरंगी म्हणाली. "मला नाही बघायचं. माझ्या हातात होती आत्या, मी सोडली तिला."

आत्याला काही कळलं नाही. तिने सुरंगीला उचललं आणि आत नेऊन आईच्या उशाशी बसवलं.

आईच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पडले होते. "आत्ताच दारातून शुभ्र उजेड आला आणि पान्हा फुटला," आई म्हणाली. "कसा ते काही कळलं नाही बघ." तिच्या कुशीत बाळ डोळे घट्ट मिटून गटगटा पीत होतं. मध्येच ठसकत होतं, आणि पुन्हा पीत होतं.