तंबोऱ्यामागचा माणूस

एकदा एक शिष्य फार रागावला, आणि रागावला तो अशा माणसावर, ज्याचे नावही त्याला ठाऊक नव्हते.

हा शिष्य एका वृद्ध गवयाकडे गाणे शिकत होता. गळा चांगला, मेहनत चांगली, आणि स्वतःच्या कानावरचा विश्वास तर जरा जास्तच चांगला. घरी खरा तंबोरा ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो मोबाइलवरच्या तंबोऱ्याच्या साथीने रियाज करी. ते एक फुकट ॲप होते. कोणा एका गृहस्थाने नोकरी सांभाळून, हौसेने ते तयार केले होते. त्याची आतली सारी रचनाही त्याने खुली ठेवली होती, की ज्याला समजते त्याने ती पाहावी, सुधारावी, हवी तर उचलून न्यावी. हजारो विद्यार्थी त्या सुरावर गात. फुकट मिळालेल्या वस्तूच्या कर्त्याविषयी आपण सारे जितका विचार करतो तितकाच या शिष्याने केला होता, म्हणजे अजिबात नाही.

गुरुपौर्णिमेला चार दिवस उरले होते. यंदा प्रथमच त्याला सर्वांत शेवटी, तासभर शुद्ध सारंग गाण्याचा मान मिळाला होता. त्या दिवशी वर्गात त्याने पहिल्यांदाच मोबाइलवरचा तंबोरा लावला, गुरुजींच्या पेटीवर षड्ज धरला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. दोन सूर जुळेनात. त्याच आठवड्यात त्या ॲपची नवी आवृत्ती आली होती. झाले! दोष कोणाचा हे ठरवायला त्याला क्षणभरही लागला नाही.

ॲपच्या पानावर वापरणाऱ्यांनी अभिप्राय लिहावेत अशी जागा होती. तेथे त्याने एक खरमरीत पत्र लिहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते सर्वांना वाचूनही दाखवले, तेही आवाजाचे चढउतार करून.

“तुमच्या तंबोऱ्याचा सूर उतरला आहे. हे अक्षम्य आहे. गुरुपौर्णिमेच्या आत दुरुस्त करून द्या. जमत नसेल, तर लोकांच्या माथी मारता कशाला?”

मुले हसली. गुरुजी हसले नाहीत.

“कोण आहेत हे गृहस्थ?” त्यांनी विचारले.

“कोण जाणे! असतील कुणीतरी.”

“हं,” गुरुजी म्हणाले, आणि पुढचा पाठ सुरू झाला.

गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्या पानावर उत्तर आले. “सात वर्षं हे काम संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केलं,” त्या गृहस्थाने लिहिले होते. “रोज पंधरा-वीस पत्रं येतात, आणि हल्ली ती उघडायचीच धास्ती वाटते. या आठवड्यातलं एक पत्र वाचून मी खरंच विचार केला, की आपण हे कशासाठी करतोय? मला उत्तर सापडलं नाही. आजपासून मी थांबतो. सगळी रचना खुली आहेच. ज्याला सांभाळावीशी वाटेल त्याने सांभाळावी. राग कुणावर नाही.”

वर्गातल्या लहान मुलींचे चेहरे उतरले. मोबाइल बदलत जातील तसतसा हा तंबोरा एकेकाकडे बंद पडत जाणार, हे सर्वांना कळत होते. शिष्याला मात्र चेवच चढला.

“पाहिलंत गुरुजी? एवढंसं बोललं, तर पळ काढला! हजारो मुलांना वाऱ्यावर सोडलं. काही जबाबदारी असते की नाही माणसाला?”

गुरुजींनी चष्मा लावून ते उत्तर दोनदा वाचले. मग मोबाइल परत देत ते म्हणाले, “उद्या तू गाऊ नकोस. तंबोऱ्यावर बस.”

शिष्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. वर्षभर ज्या तासाची वाट पाहिली तो तास असा एका वाक्यात गेला होता. पण गुरूला कारण विचारण्याची त्या घरी रीत नव्हती.

गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात सकाळी आठला सुरू झाला. शिष्य सर्वांच्या मागे मोठा तंबोरा घेऊन बसला. आषाढाची दमट हवा, तारा सारख्या उतरत. दर गाण्याआधी खुंटी पिळायची, मणी सरकवायचे, आणि मग छेडत राहायचे. गाणाऱ्यांना वाहवा मिळत होती. यजमान व्यापारी प्रत्येक गायकाला उठून नारळ देत होते. शिष्याकडे ते एकदाच आले आणि म्हणाले, “अहो, जरा सरकून बसा, पंखा अडतोय.”

तिसरे गाणे संपल्यावर गुरुजी मागे वळले आणि सर्वांदेखत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, “तुझ्या तंबोऱ्याचा सूर उतरला आहे. हे अक्षम्य आहे.”

शिष्य गडबडला. जोडीची एक तार केसभर उतरली होती, ती त्याने लावून घेतली. त्याचे कान तापले होते.

पाचव्या गाण्यानंतर गुरुजी पुन्हा वळले. “पुढच्या गाण्याच्या आत दुरुस्त करून दे.”

या वेळी तार उतरलेली नव्हती. त्याने तीनतीनदा तपासून पाहिली. बोलावे तर उद्धटपणा, न बोलावे तर अपराध कबूल केल्यासारखे. त्याने उगाच एक मणी हलवला आणि पुन्हा जागेवर आणला. मधल्या बोटाला फोड आला होता, तो फुटला. तीन तास होत आले होते, आणि त्या तीन तासांत एकाही माणसाने त्याच्याकडे मान वळवून चांगला शब्द काढला नव्हता. मान वळली ती फक्त चूक दाखवायला.

शेवटच्या गाण्याआधी गुरुजी तिसऱ्यांदा वळले. आता मात्र ते हळू बोलले, एकट्या त्यालाच ऐकू जाईल असे.

“जमत नसेल, तर लोकांच्या माथी मारतोस कशाला?”

तेव्हा कोठे शिष्याला आपलेच शब्द ओळखू आले. हेच शब्द त्याने वर्गात आवाज चढवून वाचले होते. त्याला वाटले, हा तंबोरा खाली ठेवावा आणि उठून कोठेतरी निघून जावे. पण पुढे त्याच्या जागी गायला बसलेली एक मुलगी डोळे मिटून सुराची वाट पाहत होती. तो छेडत राहिला. सारा शुद्ध सारंग त्याने खाली मान घालून ऐकला.

मंडळी पांगल्यावर गुरुजींनी त्याचे बोट पाहिले आणि त्यावर आपला रुमाल बांधला.

“आपली पेटी उतरली आहे,” ते म्हणाले. “वर्ष होत आलं. दुरुस्तीला देतो, देतो म्हणून मीच आळस केला. त्या गृहस्थांचा सूर अगदी चोख होता.”

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. “म्हणजे माझी तक्रारच खोटी होती.”

“ती खरी असती, तरी काय? तार उतरतेच. उतरली तर जरूर सांगावं, नाहीतर त्या बिचाऱ्याला कळणार कसं? पण आज मी तुला तीनदा बोललो. त्यात तारेबद्दल कितीसं होतं आणि तुला टोचायला किती होतं? तू चार तास बसलास, आणि तुझ्याजवळ निदान मी आहे, रुमाल बांधायला. तो माणूस सात वर्षं असा आपल्या सर्वांच्या मागे बसून होता. आपण गात होतो. त्याचं बोट कुणी पाहिलं?”



दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने क्षमेचे पत्र लिहायला घेतले, आणि पहिल्याच ओळीला अडला. पत्र कोणाला लिहायचे? त्याने ॲप उघडले. पहिल्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नाव होते : अच्युत नाडगौडा. तीन वर्षे रोज सकाळी त्याने हेच पान उघडले होते. एवढ्याशा गोष्टीची त्याला फार लाज वाटली.

पत्र चांगले उतरले. पेटीची हकीकत त्याने न लपवता लिहिली. आपण काय बोललो आणि ते किती चुकीचे होते, हेही लिहिले. मग तो ते घेऊन गुरुजींकडे गेला.

गुरुजींनी पत्र शेवटपर्यंत वाचले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. तेथे लिहिले होते, “तरी आपण कृपया हे काम पुन्हा सुरू करावे, ही नम्र विनंती.”

“हे पत्र त्यांच्यासाठी आहे,” त्यांनी विचारले, “की तंबोऱ्यासाठी?”

शिष्याची मान खाली गेली. काल भर सभेत घातली होती त्याहूनही खाली. क्षमा मागतानासुद्धा त्याने हात पसरलाच होता.

“पण गुरुजी, मग तो तंबोरा बंदच पडेल.”

“पडेलही. किंवा ज्याला त्यातलं समजतं असा कुणी पुढे येऊन उचलेल. तुला समजतं?”

“नाही.”

“मग थकून उठलेल्या माणसाला पुन्हा बैस म्हणणारे आपण कोण?”

त्याने ती ओळ खोडली. पत्र “तुमच्या सुरावर मी तीन वर्षं गायलो” या वाक्यावर संपले, आणि तसेच त्याने ते पाठवले.

संध्याकाळपर्यंत त्याने अकरा वेळा मोबाइल उघडून पाहिला. अकराव्या वेळी त्याच्या ध्यानात आले, की आपण त्या माणसाकडे अजूनही काहीतरी मागतच आहोत. त्याने मोबाइल फळीवर ठेवून दिला आणि मागे कोणताही तंबोरा नसताना षड्ज लावला. सूर थोडा हलला. तो थांबला, आणि त्याने पुन्हा लावला.

उत्तर आले नाही. येण्याचे काही कारणही नव्हते.