आखूड दावं

मुलांनो, आणि मुलांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, फार पूर्वी, डोंगरांना अजून गाडीवाटा नव्हत्या तेव्हा, एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांचं गाव होतं.

गावाची एक रीत होती. मध काढणारा दोराला बांधून कड्याखाली उतरे, आणि वरून तो दोर धरायचा त्याच्या बायकोच्या भावाने. बहिणीचं कुंकू भाऊ हातून सुटू देणार नाही, हा त्यामागचा विश्वास. माश्या पांगवायला केलेल्या धुरात खालच्याला काही दिसत नसे. वरचा ओरडून सांगेल तसा तो सरके, थांबे, वर येई.

त्या गावात केरू आणि त्याची बहीण तुळसा राहत. केरूची मनगटं म्हणजे सागाच्या फांद्या. पण तिशी आली तरी तो बोबडा. र, ल आणि ळ त्याच्या जिभेवर येतच नसत. बहिणीला तो तुयसा म्हणे.

लहानपणी आजी म्हणायची, "मोठा झाला की जीभ सुटेल." मोठा झाल्यावर लोक म्हणू लागले, "आता काय सुटणार?" मधल्या इतक्या वर्षांत त्याच्या तोंडात डोकावून कुणी पाहिलंच नाही.

तुळसा आणि गावातला मध काढणारा तरणा सोनबा यांची मनं जुळली. पण सोनबाचा बाप मान हलवून म्हणाला, "केरूच्या हातांवर माझा भरवसा आहे. पण पोरगा त्याच्या जिभेवर कसा लटकवू? मोहोळं भरायच्या आत काही जमलं तर बघू. नाहीतर दुसरी सोयरीक."

तुळसाने भावाचा हात धरला आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या वैदीणबाईंचं घर गाठलं.

"जीभ बाहेर काढ," वैदीणबाई म्हणाल्या. जीभ ओठापर्यंतच आली, आणि शेंड्याला मधोमध खाच पडली. "आता टाळूला लाव." जीभ अर्ध्यातच अडली. खाली कातडीचा घट्ट पडदा तिला ओढून धरत होता.

"जन्मापासून आहे हा. कुणाकुणाचं नुसत्या सरावाने भागतं. तुझा फार आखूड आहे, कापावा लागेल."

"आता या वयात?" केरू पुटपुटला.

"त्या पडद्याने तुझं वय विचारलंय का?" वैदीणबाई हसल्या. "दावं आखूड असलं की गाय कुरणापर्यंत पोचत नाही. त्यात गाईचा काय दोष?"

त्यांनी औषध लावून जागा बधिर केली, धारदार पात्याने पडदा अलगद सोडवला. थोडं रक्त आलं, थोड्या वेळाने थांबलं. केरू आनंदाने उठला आणि म्हणाला, "तुयसा."

तुळसाचा चेहरा उतरला. केरू तर रडायलाच आला.

"अरे, दावं सोडलं म्हणून गाय लगेच धावेल होय?" वैदीणबाई म्हणाल्या. "तिला कुरण कुठे माहीत आहे? रोज चालव तिला. दुखतंय म्हणून गप्प बसलास, तर जखम भरताना परत आवळेल."

मग केरूच्या घरात एकच धांदल उडाली. तुळसा रोज भावाच्या वरच्या ओठाला मध लावी. "चाट, दादा. आता दातांमागचा." केरू जीभ वर नेई, खाली आणी, गालांत फिरवी. शेळ्यांसमोर उभा राहून एकेक अक्षर घोटी. शेळ्या रवंथ करत ऐकत. शेजारीण म्हणाली, "केरू, तुझ्या शेळ्याच आधी बोलतील." तोही हसला, पण थांबला नाही. हळूहळू ल उघडला, मग ळ, आणि शेवटी हट्टी र.

मोहोळं भरली. सोनबा बापाला म्हणाला, "बाबा, मी केरूच्याच दोरावर उतरतो." सारा गाव माथ्यावर जमला. सोनबा धुरात दिसेनासा झाला.

एवढ्यात वारा फिरला. डाव्या कपारीतून माश्यांचा काळा लोट उठला आणि सोनबाकडे निघाला. त्याला काहीच दिसत नव्हतं.

"सोनबा, उजवीकडे सर. कड्याला बिलग. हलू नकोस." केरूचा आवाज दरीभर घुमला, एकेक अक्षर टिपून घ्यावं असा.

सोनबा सरकला, कड्याला बिलगला. लोट त्याच्या पाठीवरून निघून गेला. केरूने दोर ओढला. सोनबा वर आला, हातात मधाने गच्च पोळं.

केरू वळून म्हणाला, "तुळसा, आला बघ तुझा सोनबा."

तुळसा हसता हसता रडू लागली. "दादा, परत म्हण ना."

"तुळसा," केरू म्हणाला. "तुळसा, तुळसा."

सोनबाचा बाप पुढे आला. "पोरगा जिभेवर लटकला, आणि वरही आला," तो म्हणाला. त्याने तिथेच लग्नाची सुपारी फोडली.

तेव्हापासून त्या गावात बाळाच्या बारशालाच त्याच्या जिभेखाली पाहू लागले. आणि लग्नानंतर वैदीणबाईंच्या दारात रांग लागली, तिच्यात पिकल्या केसांची माणसंही होती.

बोध: गाठ जुनी म्हणून सोडून देऊ नये, ती वेळेवर दाखवावी, आणि सुटल्यावर सराव सोडू नये.