सगुणाआत्याच्या हिरड्या

एका गावात तुळाजी नावाचा एक भोळा भाचा होता. आईबाप गेल्यावर सगुणाआत्याने त्याला वाढवले. त्याच्यात एकच गुण होता: सांगितलेले तो विसरत नसे. एकच दोष होता: सांगितलेले तो कुठेही वापरत असे.

आत्या देवभोळी, कष्टाळू. पण भाजलेल्या तंबाखूची मिश्री बोटावर घेऊन हिरड्यांना चोळल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागले. पुढे महादेवाच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी हृदय अशक्त असल्याचे सांगितले, गोळ्या दिल्या आणि तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडले.

बाई म्हणाल्या, “हिरड्यांतले जंतू रक्तात शिरतात, आणि रक्त हृदयाकडे जातं. अशा हिरड्या असलेल्यांना हृदयविकार जास्त आढळतो. गोळी रोज घ्या. आणि हिरड्या आज इथंच साफ करून घ्या.”

खुर्चीशेजारची हत्यारे पाहून आत्या तडक रस्त्यावर गेली. सूचना ऐकायला तुळाजी उरला.

“घरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्या. पाणी तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही. समजलं?”

“समजलं.”

सोमवारी तुळाजी देवळात गेला. सोपानगुरवाने तीर्थ दिले. तुळाजीने ते तोंडात घोळवले आणि नंदीच्या पायाशी थुंकले.

“अरे करंट्या! तीर्थ थुंकतात का? डोळे मिटावे, भक्तीने प्यावे, ओला हात डोक्यावरून फिरवावा!”

“बरं.”

घरी येऊन त्याने मिठाचे पाणी केले. आत्याला डोळे मिटायला लावले, तांब्यातले पाणी पाजले आणि उरलेले तिच्या डोक्यावर ओतले. आत्या ओकत ओकत ओरडली, “मेल्या, तोंडातलं औषध तोंडातच राहू द्यावं! पोटात जाऊ देऊ नये!”

“बरं.”

रात्री आत्याने हृदयाची गोळी जिभेवर ठेवली. तुळाजी टपूनच होता. त्याने तिच्या तोंडात बोट घातले आणि गोळी बाहेर ओढू लागला. आत्याने बोट चावले, तेव्हा कुठे गोळी पोटात गेली.

“मुडद्या, मला मारायला बसलास का?”

तुळाजी रडू लागला. “आत्या, तू गेलीस तर मला सांगणार कोण?”

आत्याने पदराने त्याचे डोळे पुसले. पण दवाखान्याचे नाव काढताच तिने तोंड फिरवले, आणि सकाळी मिश्रीची डबी उघडली.

श्रावण आला. आत्याचा प्रदक्षिणांचा नेम होता. अर्ध्या प्रदक्षिणेतच तिला धाप लागली आणि ती खांबाला टेकून बसली. गुरवाला दया आली. तो म्हणाला, “तुळाजी, आत्याला जमत नाही ना? तू तिच्या नावाने कर. मनापासून केलंस तर फळ तिला मिळेल.”

तुळाजीने प्रदक्षिणा पूर्ण केल्या. मग तो तिथूनच तालुक्याला गेला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत हात जोडून, डोळे मिटून बसला.

बाईंनी दात साफ केले आणि विचारले, “तुझे दात तर चांगले आहेत. आलास कशाला?”

“आत्याला जमत नाही. तिच्या नावाने बसलो.”

बाईंनी हातातले हत्यार खाली ठेवले. हसू आवरून त्या म्हणाल्या, “प्रदक्षिणा दुसऱ्याच्या नावानं घालता येते, बाळा. दात मात्र ज्याचे त्यानंच घासावे लागतात. आत्याला घेऊन ये.”

घरी तुळाजीने सारे सांगितले. आत्या हसू लागली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

“दुखलं का रे?”

“तुझ्या नावाने होतं. म्हणून थोडंच दुखलं.”

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःहून निघाली. देवाचे नाव घेत खुर्चीत बसली. हिरड्या साफ झाल्या. बाईंनी बजावले, मिश्री आजपासून बंद. आत्याने महादेवाची शपथ घेतली आणि घरी येताच डबी उकिरड्यावर भिरकावली. त्या रात्री मात्र ती तळमळत म्हणाली, “तुळ्या, इतक्या वर्षांचा नेम मोडला रे.”

ज्या देहात देवाने प्राण ठेवला तो स्वच्छ राखणे ही त्याची सेवाच आहे. आत्याला हे उशिरा कळले, पण कळले.

सकाळी ती दात घासायला अंगणात आली, तो पायरीवर तुळाजी बसलेला. डोळे लाल, चेहरा घामाने डबडबलेला. मांडीवर उकिरड्यावरची डबी. कालपरवा साफ केलेले दात कोळशासारखे काळे.

“अरे मेल्या, हे काय?”

तुळाजी उचकी देत म्हणाला, “आत्या, काळजी करू नकोस. दात ज्याचे त्यानं घासावे, म्हणून मी माझेच घासतोय. मिश्री तेवढी तुझ्या नावाने.”